पीएचडीनंतर कॉलेजबाहेरची नोकरी कशी शोधायची

व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, झाली की विभागात पेढे वाटले जातात, गाईडसोबत फोटो निघतो आणि घरी फोन केला की पहिला प्रश्न येतो, "मग आता कुठल्या कॉलेजला लागणार?" माझ्या घरीही तोच आला. माझी पीएचडी वनस्पतिशास्त्रातली, पुण्यात झालेली. त्यानंतर तीन वर्षं मी दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवलं. जितके तास तितकं मानधन, तेही कित्येक महिन्यांनी एकदम, आणि मेच्या सुट्टीत काहीच नाही. शिकवणं मला मनापासून आवडायचं, म्हणून मी थांबले. "पुढच्या वर्षी जागा नक्की निघणार" हे त्या काळात किती जणांनी सांगितलं त्याची गणतीच नाही.

आज मी पेटंटच्या क्षेत्रात काम करते. क्षेत्र बदलायचं मनाशी पक्कं केल्यापासून नेमणुकीचं पत्र हातात येईपर्यंत मला सात महिने लागले. त्याआधीची तीन वर्षं गेली ती वाट बघण्यात. गेल्या काही वर्षांत अनेक ज्युनिअर्सनी फोन करून तेच ते प्रश्न विचारले. त्या फोनवर जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. थीसिस लिहीत असाल किंवा नुकतीच पदवी मिळाली असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी थांबण्याची तारीख ठरवा

प्राध्यापक व्हायचंच असेल तर जरूर प्रयत्न करा, पण कधीपर्यंत, ते कागदावर लिहा. नियम नीट माहीत करून घ्या. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही पात्रता परीक्षा हा किमान निकष आहे आणि पीएचडी ऐच्छिक. म्हणजे नेट-सेट नसेल, तर नुसत्या पीएचडीच्या भरवशावर जाहिरातीची वाट बघण्यात अर्थ नाही. नेट-सेट असेल, तर जागा किती निघतात, कुठे निघतात, तुमच्या विषयात आणि प्रवर्गात किती असतात, हे मागच्या दोन-तीन वर्षांच्या जाहिराती काढून स्वतः मोजा. कुणाच्या सांगण्यावर राहू नका.

तारीख ठरवण्याचं दुसरं कारण वयाचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारीपदाची वयोमर्यादा एरवी ३० असते, पीएचडीधारकांना ती ३४ पर्यंत मिळते. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी ३८. आपल्याकडे एमएससी किंवा एमए, मग नेटची तयारी, मग पीएचडी असं करत तिशी कधी ओलांडते ते कळतही नाही. सीएचबीवर घालवलेलं प्रत्येक वर्ष या मर्यादांमधून वजा होत असतं.

आणि तिसरं कारण पैशाचं. जेआरएफ आणि एसआरएफ, म्हणजे कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधन फेलोशिप, दोन्ही मिळून पाच वर्षं चालतात. एसआरएफचे महिना ४२,००० रुपये आणि घरभाडे भत्ता ज्या महिन्यात थांबतो, त्या महिन्यात थीसिस पूर्ण झालेला असतोच असं नाही. म्हणून नोकरीचा शोध सिनॉप्सिसच्या (थीसिसआधी द्यायच्या सारांशाच्या) आसपास, थीसिस जमा करण्याच्या साधारण वर्षभर आधी सुरू करा, आणि फेलोशिपच्या शेवटच्या वर्षात जमेल तेवढे पैसे बाजूला टाका. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची किंवा आणखी कुठली फेलोशिप असेल, तर मध्येच नोकरी धरण्याबाबतच्या तिच्या अटी मूळ कागदातून वाचा. फेलोशिप चालू असताना दुसरं पगारी काम परस्पर स्वीकारू नका, त्यातून वसुलीपर्यंत गोष्टी जातात.

मग एक वही घ्या

ही पायरी सगळ्यांना किरकोळ वाटते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

"मला माझ्या विषयाशिवाय काय येतं?" हा प्रश्न आपल्याला छळतो, कारण आपण स्वतःला थीसिसच्या शीर्षकावरून ओळखतो. शीर्षक बाजूला ठेवा आणि गेल्या चार-पाच वर्षांत हातांनी काय काय केलं ते लिहा. अगदी साधं साधं. मी लिहिलेलं असं होतं: जीईएम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून रसायनं मागवली, तीन कोटेशनं मिळवून खरेदी समितीपुढे मांडली. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बंद पडलं तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरबरोबर उभं राहून दुरुस्त करून घेतलं. प्रकल्पाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे अनुदान कसं खर्च झालं त्याचं प्रमाणपत्र, तयार केलं. तीन एमएससीच्या मुलांना प्रयोग शिकवले. शेकडो शोधनिबंध वाचून त्यांचा तक्ता केला. समीक्षकांनी फेटाळलेला निबंध मुद्देसूद उत्तर देऊन परत पाठवला.

माझी एक मैत्रीण इतिहासातली. तिच्या यादीत मोडी वाचन, पुणे पुराभिलेखागारातल्या रुमालांमधून, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांमधून, नेमका कागद शोधणं, अनुवाद, संदर्भसूची. समाजशास्त्रातल्या एका मित्राच्या यादीत साठ घरांतल्या मुलाखती, ग्रामपंचायतीच्या परवानग्या, आणि नाराज सरपंचांची समजूत काढून काम पुढे नेणं. याला बाजारात किंमत आहे, पण याला काही म्हणतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

यादी झाली की प्रत्येक कामापुढे दोन खुणा करा. एक, हे मला चांगलं जमतं का. दुसरी, हे मला पुढची दहा वर्षं करायला आवडेल का. दोन्हीचं उत्तर वेगळं निघतं. मला एचपीएलसी उत्तम जमायचं, पण परत त्या यंत्रापुढे बसायची इच्छा नव्हती. याउलट "हे आधी कुणी केलंय का?" याचा माग काढत जुन्या निबंधांत शिरणं मला मनापासून आवडायचं. रात्री दोन वाजेपर्यंत जागून मी ते केलेलं आहे. पेटंटच्या कामाचा गाभा हाच असतो, हे मला फार उशिरा कळलं.

कुठे कुठे जागा असतात

सगळ्या क्षेत्रांची यादी देत नाही. जी मी जवळून पाहिली आहेत तेवढीच सांगते, आणि माझ्या क्षेत्राबद्दल थोडं जास्त.

पेटंटच्या कामात तीन गोष्टी असतात. आधीचं ज्ञान शोधणं, शोधाचं वर्णन कायद्याच्या भाषेत लिहिणं, आणि पेटंट कार्यालयाच्या आक्षेपांना उत्तर देणं. भारतात २०२२-२३ या एका वर्षात पेटंटचे ८२ हजारांहून जास्त अर्ज दाखल झाले, तेव्हा हे काम करणारी माणसं लागतातच. पेटंट कायदा १९७० च्या कलम १२६ नुसार विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असलेला, २१ वर्षं पूर्ण झालेला भारतीय नागरिक पेटंट एजंटची परीक्षा देऊ शकतो. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते. ही परीक्षा दरवर्षी ठरल्या वेळी होतेच असं नाही, म्हणून तिच्यासाठी थांबू नका. आधी एखाद्या पेटंट फर्ममध्ये किंवा कंपनीच्या आयपी (बौद्धिक संपदा) विभागात आधीचं ज्ञान शोधण्याच्या कामावर रुजू व्हा आणि परीक्षा नोकरी करता करता द्या. मी तसंच केलं. नागपूरला राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथली छोटी प्रशिक्षणं सुरुवातीला उपयोगी पडतात.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते माझ्या वडिलांना मी हळदीच्या गोष्टीवरून समजावलं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि संस्कृत, उर्दू, हिंदीतले मिळून ३२ संदर्भ पुढे ठेवले, त्यातले काही शंभर वर्षांहून जुने. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आजी जखमेवर लावायची त्या हळदीसाठी कुणीतरी बसून ३२ कागद शोधले. वडिलांनी त्यानंतर "कॉलेज कधी?" असं विचारलं नाही.

जीवशास्त्र, औषधनिर्माण किंवा रसायनशास्त्र असेल आणि लिहायला आवडत असेल, तर मेडिकल रायटिंग पाहा. औषधांच्या चाचण्यांचे अहवाल आणि नियामक संस्थेला द्यायची कागदपत्रं लिहिण्याचं हे काम आहे. ठरलेल्या साच्यात, एकही आकडा न चुकवता लिहावं लागतं. ज्यांना शब्दांशी खेळायला आवडतं त्यांना ते रुक्ष वाटेल, ज्यांना अचूकपणाची ओढ आहे ते रमतात. शोधनिबंधांचं संपादन हे त्याचं जवळचं भावंड. मुंबईची कॅक्टस कम्युनिकेशन्स २००२ पासून या क्षेत्रात आहे, आणि अशा कंपन्यांकडे घरून, कामाप्रमाणे पैसे देणारी कामंही असतात. थीसिस जमा केल्यावर आणि व्हायवाच्या आधी जो रिकामा काळ असतो, त्यात ती करून बघण्यासारखी आहेत.

कंपन्यांच्या संशोधन विभागांबद्दल बहुतेकांना माहिती असते: पुण्यात सीरम, ल्युपिन, प्राज, जालन्याला महिको, नवी मुंबईत रंग आणि रसायनं, शिवाय हैदराबाद आणि बेंगळुरू. इथे तुमच्या नेमक्या तंत्राला किंमत असते, म्हणून जाहिरातीत आपलं यंत्र किंवा पद्धत शोधा, विषय नको. केंब्रिजला पीएचडी करून १९६० मध्ये सिप्लात आलेल्या डॉ. युसूफ हमीद यांनी २००१ मध्ये एड्सवरची तीन औषधं मिळून दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली. कंपनीत गेलं की विज्ञान संपतं असं विभागात कुणी म्हणालं, की मला हे नेहमी आठवतं.

भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्रवाल्यांची डेटा सायन्सकडे रीघ आहे, त्यावर एकच सल्ला. पाच ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं जमवू नका. स्वतःच्या थीसिसमधला एक प्रश्न घ्या, त्याचा कोड स्वच्छ लिहून गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाका, आणि सोबत एक पानभर साध्या भाषेत समजावून सांगा. मुलाखत घेणारा प्रमाणपत्र बघत नाही, ते पान वाचतो.

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र या विषयांच्या लोकांना "तुमच्यासाठी बाहेर काही नाही" असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, ज्यांची ही रक्कम १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे त्यांना एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं प्रभाव मूल्यमापन बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून करून घेणं बंधनकारक झालं. हे मूल्यमापन कोण करतं? नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी बांधायची, गावात जाऊन कसं बोलायचं हे ज्यांना येतं ते. साठ घरांच्या मुलाखती घेतलेला माझा मित्र आज हेच करतो, आणि महिन्यातले दहा दिवस विदर्भात फिरतीवर असतो. फिरती झेपणार असेल तर हे क्षेत्र नक्की बघा. मोठ्या कंपन्यांत ॲपचा वापर माणसं कशी करतात याचा अभ्यास करणारे यूएक्स रिसर्चर असतात, तिथेही मानववंशशास्त्र आणि मानसशास्त्राचे लोक पोचले आहेत.

भाषा आणि इतिहासवाल्यांसाठी एकाच ठिकाणी पूर्ण पगाराची नोकरी कमी आहे, हे मान्य करून पुढे जायला हवं. अनुवाद, ॲप्सचं मराठीकरण, भाषातंत्रज्ञानासाठी मजकूर तपासणं, संग्रहालयं, अभिलेखागारं, प्रकाशनसंस्था. यातली दोन-तीन कामं जोडून उत्पन्न उभं करावं लागतं, किमान सुरुवातीला. मोडी वाचणाऱ्या मैत्रिणीने जुन्या जमिनीच्या आणि वंशावळीच्या कागदांचं लिप्यंतर सुरू केलं. आता तिला वेळ पुरत नाही.

स्वतःचा उद्योग काढणाऱ्यांसाठी: जैवतंत्रज्ञानातल्या कल्पनेला बिरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं 'बिग' नावाचं अनुदान ५० लाखांपर्यंत मिळू शकतं, आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर अशा लोकांना जागा आणि सल्ला देतं. मी त्या वाटेने गेलेली नाही, तेव्हा तुम्ही त्यांच्याशीच बोला.

माणसांशी बोला, आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका

जाहिरातीला अर्ज टाकून नोकऱ्या मिळतात, नाही असं नाही. पण आपल्यासारख्यांचा रिझ्युमे संगणकाच्या चाळणीतच अडकतो, कारण "अनुभव: ० वर्षं" असं दिसतं. ओळखीतून तो माणसाच्या हातात पडतो. इथे ओळख म्हणजे वशिला नव्हे. तुम्ही काय करू शकता हे कुणालातरी माहीत असणं, एवढाच त्याचा अर्थ.

सुरुवात आपल्या प्रयोगशाळेतल्या किंवा विभागातल्या जुन्या लोकांपासून करा. दहा वर्षांत तिथून बाहेर पडलेले सगळे कुठे आहेत, त्याची यादी लिंक्डइनवरून काढता येते. मग थोडक्यात लिहा. मी साधारण असं लिहायचे: "मी अमुक सरांची विद्यार्थिनी. पीएचडीनंतर तीन वर्षं कॉलेजात शिकवलं. पेटंट सर्चच्या कामात यायचा विचार करते आहे. तुमचा रोजचा दिवस कसा असतो, याबद्दल वीस मिनिटं बोलाल का? शनिवार-रविवार कधीही चालेल." चार ओळी, त्यात आपण कोण, काय हवंय, किती वेळ लागेल. उगाच "फक्त मार्गदर्शन हवंय" म्हणत गोल गोल बोलू नका. नोकरी शोधतोय हे सांगायला लाजू नका. पण पहिल्याच निरोपात रिझ्युमे जोडून "जागा असेल तर सांगा" असंही नको.

मी तीसेक लोकांना लिहिलं. अकरा जणांनी उत्तर दिलं, सात जण बोलले. त्या सात संभाषणांत मी प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारले: या कामातलं कंटाळवाणं काय आहे, नव्या माणसाकडून पहिल्या सहा महिन्यांत काय अपेक्षा असते, आणि आणखी कुणाशी बोलू. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. माझी नोकरी पाचव्या माणसाने सुचवलेल्या माणसाकडून आली. बोलणं झालं की दुसऱ्या दिवशी आभाराचा निरोप पाठवा, आणि नोकरी लागल्यावर त्या सगळ्यांना आवर्जून कळवा.

सीव्ही बाजूला ठेवा, रिझ्युमे नव्याने लिहा

विद्यापीठाला द्यायचा सीव्ही अकरा पानांचा असतो आणि त्यात प्रत्येक परिषदेचं प्रमाणपत्र असतं. कंपनीला द्यायचा रिझ्युमे एक, फार तर दोन पानांचा. जुना कापून नवा होत नाही, कोऱ्या पानावर लिहावा लागतो.

माझ्या पहिल्या रिझ्युमेत लिहिलं होतं, "औषधी वनस्पतींच्या मुळांतील दुय्यम चयापचयजांचे पृथक्करण व जैवक्रियाशीलतेचा अभ्यास." ज्यांनी तो वाचला त्या ताईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तू काय केलंस?" आम्ही तासभर बसलो आणि त्याच्या जागी तीन ओळी आल्या. २०० हून जास्त नमुन्यांचं एचपीएलसी विश्लेषण स्वतः केलं. चाचणीची पद्धत सुधारून एका नमुन्याचा वेळ ४५ मिनिटांवरून २० मिनिटांवर आणला. पेटंट आणि शोधनिबंध मिळून सुमारे ४०० संदर्भ तपासून कुठल्या वनस्पतीवर काय झालं आहे त्याचा तक्ता केला. काम तेच, पण वाचणाऱ्याला आता दिसलं की ही बाई काय करू शकते. तुमच्या प्रत्येक ओळीत क्रियापद आणि आकडा आहे का बघा. आकडा खरा हवा. मुलाखतीत त्यावरच बोट ठेवतात.

शोधनिबंधांसाठी एक ओळ पुरे: किती, आणि त्यातले दोन महत्त्वाचे. जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती काढून टाका. आणि प्रत्येक जाहिरातीसाठी वरच्या चार ओळी बदला. कंटाळा येतो, तरी बदला.

रिझ्युमेसोबत दाखवायला एक नमुना असला तर फार फरक पडतो. मी एका रद्द झालेल्या पेटंटवर तीन पानांचं टिपण लिहून ठेवलं होतं. लेखनात जायचं असेल तर आपल्या संशोधनावर आठवीच्या मुलीला समजेल असा लेख लिहा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीत विज्ञान पोचवते आहे, तिच्या पत्रिकेसाठी लिहून पाठवा. छापून आलेला एक लेख मुलाखतीत हातात देता येतो.

मुलाखत

तीन प्रश्न येतातच. कॉलेज का सोडताय, इतकं शिकून या पदावर टिकाल का, आणि तुमचं संशोधन दोन मिनिटांत सांगा.

पहिल्याला उत्तर देताना जुन्या संस्थेची, गाईडची, व्यवस्थेची तक्रार करू नका. तक्रार शंभर टक्के खरी असली तरी नको. या कामाकडे काय ओढतं ते सांगा. वहीतल्या त्या खुणा इथे कामाला येतात, कारण तुमच्याकडे खरं उत्तर असतं. दुसऱ्या प्रश्नामागे भीती असते की ही सहा महिन्यांत कॉलेजची जाहिरात निघाली की जाईल. म्हणून थांबण्याची तारीख आपण आधीच ठरवलेली असणं महत्त्वाचं. मी सरळ सांगितलं की तीन वर्षं वाट पाहिली आणि विचार करून ती बंद केली. त्यांना ते पटलं असावं. तिसऱ्यासाठी घरात, शेजारी, रिक्षात, जिथे जमेल तिथे सराव करा. पार्श्वभूमी गाळा, निष्कर्षापासून सुरू करा.

मुलींना लग्न आणि मुलांबद्दल विचारलं जातं. विचारू नये, पण विचारतात. "कामाच्या वेळा आणि जबाबदारी मी समजून घेतली आहे आणि ती मी पूर्ण करेन," एवढं एकच वाक्य ठरवून ठेवा आणि विषय कामावर आणा.

आपला साहेब आपल्यापेक्षा वयाने लहान आणि पीएचडी नसलेला असू शकतो. माझे पहिले वरिष्ठ माझ्याहून चार वर्षांनी लहान होते आणि मला पेटंटचे दावे, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारी वाक्यं, लिहायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्याकडून शिकण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

ऑफरमधला आकडा नीट वाचा

फेलोशिपमध्ये हातात येणारा आकडा कागदावर असतो. कंपनीच्या पत्रात सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, असतो, आणि तिथे आपली पहिली फसगत होते. उदाहरण घेऊ. सीटीसी १२ लाख, म्हणून तुम्ही महिना एक लाख धरून पुण्यात घर बघता. आता समजा मूळ वेतन ६ लाख आहे आणि १ लाख २० हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून वर्षअखेरीस मिळेल असं आहे. कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १२ टक्क्यांनी ७२,००० रुपये, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २८,८६० रुपये, हे दोन्ही सीटीसीतच धरलेलं असतं. ते वजा जाता महिन्याला सुमारे ८१,६०० उरतात. त्यातून तुमच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात साधारण ७५,४००, तेही आयकर न धरता. पीएफ तुमचाच आहे, तो बुडत नाही. ग्रॅच्युइटी मात्र कायम नोकरीत साधारण पाच वर्षं सलग झाल्याशिवाय मिळत नाही.

म्हणून एचआरला मोकळेपणाने विचारा: महिन्याला हातात किती, व्हेरिएबल गेल्या वर्षी लोकांना किती टक्के मिळालं, नोटीस पीरियड किती, बाँड आहे का. तीन महिन्यांचा नोटीस पीरियड आपल्याकडे सर्रास असतो. "सध्याचा पगार?" असं विचारलं, तर सीएचबीचं मानधन सांगून त्यावर टक्केवारी लावू देऊ नका. या पदासाठी बाजारात काय मिळतं ते त्या सात संभाषणांतून कळलेलं असतं, तो आकडा सांगा. मी तेव्हा घाबरून पहिल्याच आकड्याला होकार दिला. त्याची भरपाई व्हायला दोन वर्षं लागली.

गाईड आणि कागदपत्रं

गाईडना बाहेरून कळण्याआधी तुम्ही सांगा. सिनॉप्सिस झाल्यावरची वेळ बरी असते. काही गाईड दुखावतात, विशेषतः ज्यांनी तुम्हाला आपली गादी चालवणारा विद्यार्थी मानलेलं असतं. कारण देत बसू नका. थीसिस आणि उरलेले निबंध कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करून देणार तेवढं ठामपणे सांगा आणि ते पाळा. पुढे संदर्भासाठी फोन त्यांनाच जातो. आणि शक्य असेल तर थीसिस जमा केल्याशिवाय रुजू होऊ नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीची एकूण मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आठ, आणि महिला व दिव्यांग उमेदवारांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. पण नोकरी सुरू झाल्यावर रात्री नऊनंतर उरलेली दोन प्रकरणं लिहिणारे मी पाहिले आहेत, त्यांचे फार हाल होतात.

कागदपत्रांत घोडं बहुतेक नोटिफिकेशनपाशी, म्हणजे पीएचडी मिळाल्याच्या अधिकृत सूचनेपाशी, अडतं. व्हायवा झाली तरी विद्यापीठाचं नोटिफिकेशन येईपर्यंत कंपनीच्या दृष्टीने तुम्ही पीएचडी नाही. पदवी तर दीक्षान्त समारंभातच. परीक्षा विभागात स्वतः जाऊन पाठपुरावा करा आणि प्रोव्हिजनल प्रमाणपत्र मागून घ्या. रुजू होताना बाहेरची संस्था तुमची पडताळणी करते, त्यात दहावीपासूनच्या गुणपत्रिका, आधार, पॅन यांवरचं नाव जुळावं लागतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत काढून ठेवा. सीएचबीच्या प्रत्येक वर्षाचं अनुभवपत्र कॉलेजातून आत्ताच घ्या, प्राचार्य बदलले की ते मिळवताना नाकी नऊ येतात.

तुमच्या कामात पेटंट होण्यासारखं काही असेल, तर थीसिस शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर, चढण्याआधी संस्थेच्या आयपी कक्षात जा. एकदा ते जगाला खुलं झालं की नावीन्य गेलं असं धरतात, आणि कायद्यातली सवलत फार थोड्या प्रसंगांपुरतीच आहे. दर वर्षी एखादा तरी ज्युनिअर मला हे उशिरा विचारतो.

प्रयोगवह्या संस्थेच्या असतात, त्या तिथेच सोडा. आणि विद्यापीठाच्या ई-मेलवर ज्यांच्याशी पाच वर्षं पत्रव्यवहार केलात, त्या सगळ्यांचे पत्ते तो बंद होण्याआधी स्वतःच्या खात्यात उतरवून घ्या. माझा एका सोमवारी अचानक बंद झाला, आणि परदेशातल्या ज्या बाईंनी माझे दोन निबंध तपासून दिले होते, त्यांना नोकरी लागल्याचं कळवायला मला चार महिने लागले.